रास्पबेरीचा मांडव

१ जुलै १९८३
लिहिण्याचे कारण: आज सकाळी भिकन दूधवाल्याने विचारले, "बाई, पाव्हणे आलेत का? रोज आतून बोलण्याचा आवाज येतो. दूध वाढवू?" पाहुणे नव्हते. मी स्टोव्हला त्याच्या वातींबद्दल सुनावत होते. खरे सांगणे अशक्य. अर्धा लिटर वाढवून घेतले.
मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईने स्टोव्हशी भांडू नये. यापुढे जे बोलायचे ते या वहीत.

५ जुलै
पाचगणीहून एस.टी. पार्सलने ओले गोणपाट आले. आत रास्पबेरीची रोपे. पाठवणारी चंद्रभागा, माझी कॉलेजच्या होस्टेलमधली रूम-पार्टनर. तिथल्या शाळेत इतिहास शिकवते. सोबत कार्ड: "लाव. पावसात ज्या फांद्या वाढतील त्यांच्यावरच फेब्रुवारीत फळ येते, तेव्हा कात्री लावू नकोस. फळ धरले की कळव, खायला येईन. मार्चमध्ये रिटायर होते आहे, मग मोकळीच."
अर्थ स्पष्ट आहे. चंद्रा इथे राहायला येणार. तसे लिहिलेले नाही, पण ती पहिल्यापासून मोघम लिहिते.
मागची खोली रंगवून घेणे. मागच्या दाराची दुसरी किल्ली करणे.

८ जुलै
रोपे लावली. पुस्तकाप्रमाणे रास्पबेरीला आधार लागतो. बांबूचे दोन खांब, मध्ये तीन तारा. रविवारी सकाळी उरकते.
शेजारच्या यशोदाबाई भिंतीवरून डोकावल्या. नांदगावकडच्या. नवरा कोंडाजी, मनमाडला रेल्वेत होता, आता निवृत्त. त्यांनी विचारले, "रासबेरी म्हंजे ती सोड्यातली लाल?" म्हटले, ते केमिकल, हे फळ. तर म्हणाल्या, "मंग आधी फळ तर दिसू द्या. बांबू कुठं पळून चाल्लेत?"
शिस्त आधी लावायची असते.

१० जुलै, रविवार
एक खड्डा अर्धा झाला. जमीन चुकीची आहे.

२४ जुलै
बांबूचे खांब उभे. तार आणेपर्यंत सुतळी बांधली. यशोदाबाईंना ते तिरके वाटतात. माझ्या मते भिंत तिरकी आहे.

६ ऑगस्ट
यशोदाबाईंनी भिंतीवरून ओली गोधडी माझ्या सुतळीवर टाकली. सगळे आडवे. त्यांचे म्हणणे, "मला वाटलं, दोऱ्या त्याच्यासाठीच बांधल्या." कडक शब्दांत समज दिली. त्यांनी मान डोलावली आणि संध्याकाळी बाजरीची भाकरी आणि ठेचा आणून दिला. समज पोहोचली नाही.
ताटली रिकामी परत करणे बरे दिसत नाही म्हणून दही घालून दिले. तसेही दूध फार उरते.

१८ सप्टेंबर
लोखंडी अँगल आणले. कोंडाजींनी पहारीने खड्डे घेतले, सिमेंट भरले. पिंपळगावला त्यांच्या भावाची द्राक्षाची बाग आहे, म्हणून त्यांना प्रत्येक गोष्टीत द्राक्ष दिसते. मांडव डोक्यावरून आडवा घ्या, असा आग्रह. मी ठाम नकार दिला. रास्पबेरीचा मांडव उभा.
उंची माझ्यापेक्षा हातभर जास्त झाली आहे. रोपे गुडघ्याला. यशोदाबाई लांबून बघून म्हणाल्या, "लय भारी मांडव हाय बाई. लगीन कोनाचं?" मी अविवाहित आहे हे त्यांना ठाऊक आहे.
तार इतकी ताणली आहे की बोट लावले की वाजते. संध्याकाळी तपासणीसाठी पुन्हा वाजवली. जेवण झाल्यावर पुन्हा.

२ ऑक्टोबर
त्यांच्या तोंडलीची वेल भिंत ओलांडून माझ्या वरच्या तारेला बिलगली. हे अतिक्रमण. सोडवून पलीकडे टाकली. यशोदाबाईंना सांगितले, वेलीला आवरा. त्या म्हणाल्या, "तिला काय, आधार दिसला की निघाली."

२० ऑक्टोबर
रास्पबेरी छातीपर्यंत आली. कोंडाजी कात्री घेऊन हजर. म्हणाले, "दसरा झाला बाई. आता गोडी छाटणी. नाय केली तर नुसती पानं खात बसाल." सगळ्या नाशिक जिल्ह्यात द्राक्षांचे सध्या हेच चालू आहे. फांदीवर फुटीचे दोन डोळे ठेवून बाकी कापायचे, की चार महिन्यांत माल.
चंद्राने कात्री लावू नकोस असे लिहिले होते खरे. पण चंद्रा इतिहासाची. वनस्पतिशास्त्र माझे.
सर्व फांद्या छाटल्या. फारच नीटनेटके दिसते आहे.

४ डिसेंबर
फूट चांगली. चंद्राला लिहिले, प्रगती समाधानकारक.
मागच्या खोलीला पिस्ता रंग दिला. खाट टाकली. किल्ली तयार, तिला चंद्राच्या नावाची चिठ्ठी बांधली. खोलीत बोलले की आवाज घुमतो. दोन माणसे झाली की घुमणार नाही.
वेल पुन्हा आली होती. परत पाठवली.

१२ फेब्रुवारी १९८४
फूल नाही. कोंडाजी मांडवाभोवती फिरून म्हणाले, "द्राक्षं असती तर आज पेटीत भरली असती." म्हणजे दोष रास्पबेरीचा.
चंद्राचे कार्ड कालच आले आहे: "फळ धरले का?" उत्तर लिहिले: "भरपूर." हे खोटे नव्हे. अंदाज आहे.

१४ मार्च
चंद्राचे कार्ड. साताऱ्याला पुतणीकडे राहायचे ठरले आहे. गुडघे प्रवासाला नको म्हणतात. पुढे: "फळ भरपूर आले हे वाचून फार बरे वाटले. मी यायलाच हवे असे काही नाही. इकडे येणारे कोणी असेल तर जॅमची एक बाटली पाठव."
तात्पुरते असावे. पुतण्यांशी कोणाचे फार दिवस पटत नाही.
बाटली धुऊन ठेवली.

३० मार्च
ऊन. पाने करपली. पाणी दोन वेळा देते. वेल वरच्या तारेवर आहे. काढायला वेळ मिळाला नाही.

१५ एप्रिल
विशेष काही नाही.

२२ एप्रिल, रविवार
रास्पबेरी गेली. काड्या बोटांत मोडतात.
दुपारी पुढच्या दाराला कोणीतरी कडी वाजवत होते. उठले नाही. मग मागच्या दारात यशोदाबाई. भिंत चढून आल्या, या वयात. कोपर खरचटलेले. माझ्यावरच ओरडल्या, "दार का नाय उघडत? तीन दिस झाले, भिकननं दूध आमच्याकडं ठिवलंय. आमचे हे म्हनले, जा, बघून ये."
मी म्हटले, प्रकृती ठीक आहे, कमी बोलते आहे इतकेच. त्या म्हणाल्या, "तेच तर! आधी कसं, सकाळी माझी चूल पेटायच्या आत तुमचं चालू व्हायचं. स्टोव्हला बोलायच्या, कावळ्याला बोलायच्या. आमी दोघं चहा पिता पिता ऐकायचो. पावसाळ्यापासून सगळं गपगार. मला वाटलं, माझ्या गोधडीचा राग धरला."
बसा म्हटले. बसल्या. कोपराला टिंक्चर लावले तर केवढ्याने ओरडल्या. घर घुमले नाही.
मग मांडवाकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या मांडवावर तोंडली लागलीत, बगितलं का?"
बघितले. लागली आहेत. भरपूर.
भिकनला सांगणे, वाढवलेले अर्धा लिटर चालूच ठेवायचे. चंद्राला कळवणे, जॅम होणार नाही. का ते उद्या लिहीन.
यशोदाबाईंनी पुन्हा भिंत चढू नये म्हणून आज त्यांच्या ताब्यात दिले: मांडव, तिन्ही तारांसकट. जॅमची बाटली, लोणच्यासाठी. मागच्या दाराची दुसरी किल्ली. तिची चिठ्ठी काढून घेतली.