पंप दमत नाही

१४ जानेवारी १९८४
आज विहिरीवर विजेचा पंप बसला. बटण दाबलं की सुपारीच्या आगरात पाणी. रहाट मोडून बंबात घातला, रेडा विकला. आप्पा (माझे वडील, सुधारणेचे कायमचे विरोधक) म्हणाले की रेडा दमायचा तेवढ्यात विहीरही दम खायची, पंप दमत नाही. मी हसलो. संकल्प: रोज एकच तास.

२ फेब्रुवारी
चार तास चालला. पण कारण आहे. हेमा मे महिन्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार. तिच्यासाठी शॉवर बसवला, घरापुढच्या खळ्यात लॉन लावलं. नातवाला काय शेणाने सारवलेली जमीन दाखवायची?

११ मार्च
अलीकडचा शेजारी धोंडू आणि पलीकडच्या गोदाकाकू, दोघांनीही पंप घेतले. माझं बघूनच. संध्याकाळी वाचनालयात माझं भाषण, ‘पाणी: पुढच्या पिढीची ठेव’. टाळ्या बऱ्या पडल्या. घरी येऊन पाहतो तर लॉनवरचा पाइप दुपारपासून चालूच.

१९ एप्रिल, सकाळी ७
चहा नासला. पुन्हा केला, पुन्हा नासला. दूधवाल्या गंगुबाईला झापलं. ती म्हणाली की माझ्या दुधाला नावं ठेवण्याआधी तुमचं पाणी चाखा. चाखलं. किंचित खारट. उन्हाळ्यात व्हायचंच.

२७ एप्रिल
किंचित नाही. आप्पा म्हणतात, समुद्र हाकेवर, गोडं पाणी उपसलंत की तो आत शिरणारच. संकल्प: पंप कायमचा बंद.

२८ एप्रिल
पण शेजाऱ्यांचे चालू आहेत. मी थांबलो तर माझं पाणी ते ओढणार. नाइलाजाने सहा तास. तेही म्हणे माझ्यामुळेच थांबत नाहीत. काय माणसं!

६ मे
बायकोने, पद्मजाने, स्पष्ट सांगितलं की हेमाला या पाण्यावर आणायचं नाही. पावसात गोडं होईल, मी म्हटलं. ती म्हणाली, बाळ पावसासाठी थांबतं का? बॅग भरून मुंबईला लेकीकडे गेली. बायकांना धीर नसतो.

२५ मे
तार आली. काल मुलगी झाली, दोघी सुखरूप. एकटाच रडलो थोडा. लॉन वाळलं.

१ जून
बारसं चार तारखेला, मुंबईतच. आप्पा पुढे गेले, ते आता तिकडेच राहणार म्हणतात. मलाही नातीला बघावंसं फार वाटतं. पण पंप बंद ठेवून गेलो तर दोन्हीकडचे सगळं पाणी ओढून घेतील. खारं असलं तरी आपलं आहे. जाणं रद्द.