मेलेल्यांनी नवीन बोलायचं नाही

मंगळवार, ४ मार्च

आज बाबा स्पीच थेरपिस्टला म्हणाले, "तारीख उलटून गेली." ती बिचारी मनगटावरचं घड्याळ बघायला लागली. मग तिला सांगावं लागलं — बाबा जन्मभर लायब्ररीच्या काउंटरवर होते, हे वाक्य त्यांनी अर्ध्या गावाला ऐकवलंय. मेंदूचा झटका आल्यापासून तोंडात एवढंच उरलंय. "बरं बरं", "असू दे" आणि "तारीख उलटून गेली". दुधाच्या पिशवीला म्हणतात, दादाला म्हणतात. दादाला म्हणतात तेव्हा मला बरं वाटतं.

थेरपिस्ट म्हणाली, ही सवयीची वाक्यं, ती आपोआप येतात. आपल्याला हवंय नवीन वाक्य, त्यांनी स्वतः जुळवलेलं. एक जरी आलं तरी पुढे आशा आहे. महिनाअखेरीपर्यंत बघू, नाहीतर ही वेळ दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल. आणि मग —

ती फाईल चाळत बसली. एवढी शिकलेली बाई, पण वाक्य तिलाही पुरं करता येईना. राग आला मला.

गुरुवार, ६ मार्च

दुकानात मालकीणबाईंनी विचारलं, "तुझ्या त्या भुताच्या मालिकेत एवढं आहे तरी काय गं?" एका चष्म्याची काडी बसवत होते. म्हटलं, ऐका आता.

'उलटा जिना'. मेलेली माणसं परत येतात, पण त्यांना नवीन काही बोलता येत नाही. जिवंतपणी जी वाक्यं बोलली तेवढीच परत बोलायची. म्हणजे थोरल्या सुनेला स्वतःचा खून कोणी केला ते सांगायचंय, पण जवळ वाक्य काय, तर "भाजी आणायची राहिली". नवऱ्याने त्यावरून ओळखायचं. त्याला ओळखायला तीन वर्षं लागली. या एका नियमावर आम्ही सगळे, म्हणजे दर रविवारी मालिकेवर बोलायला आमच्या घरी जमणारी मंडळी, जगत होतो.

मग चॅनलवाल्यांना बुद्धी सुचली आणि त्यांनी उपमालिका काढली. 'पहारा'. मूळ मालिकेच्या शेवटी वॉचमन जिन्यावरून कोसळतो, तोच इथे नायक. गेटवर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारतो, कोणी वळूनही बघत नाही. म्हणजे उघडच आहे, भूत झालाय. पण बोलतो किती! हवापाण्यावर, पाठदुखीवर, रोज नवीन. नियम पार धाब्यावर. लोकांनी इतक्या शिव्या घातल्या की सहाव्या भागात गाशा गुंडाळावा लागला.

मालकीणबाई म्हणाल्या, "स्क्रू जास्त आवळलास, काडी दुमडत नाहीये."

त्यांना एक सांगितलं नाही. 'पहारा' बरोबर आहे असं म्हणणारा जगात एकच माणूस होता — बाबा. मंडळीतल्या वकिलांशी त्यावरून इतके भांडले की आईने दोघांच्या पुढ्यातले कप उचलून नेले. शेवटी बाबा म्हणाले, "रविवारी या. असं उत्तर देतो की वकिली सोडाल." आणि शुक्रवारी त्यांना झटका आला. ते उत्तर आतच राहिलं.

रविवार, ९ मार्च

आज काहीतरी झालं! निदान होता होता राहिलं.

मंडळी आली होती. वकील, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातली बाई आणि लिफ्ट दुरुस्त करणारा. बाबांची खुर्ची मधोमध. औषधवाली बोलण्याच्या ओघात म्हणाली, पहिल्या भागात सुनेच्या अंगावर हिरवी साडी होती. बाबांची मान झटकन वळली. कपाळाला आठी, अगदी पूर्वीसारखी. तोंड उघडलं, "नि —" असा आवाजही आला —

"निळी!" वकील गरजले.

बाबांनी तोंड मिटलं. मला वकिलांना बशी फेकून मारावीशी वाटली. पण एक कळलं. या माणसाला प्रेमाने बोलतं करता येणार नाही. चुकीने येईल.

रविवार, १६ मार्च

कट असा होता — एकेकाने धडधडीत चूक बोलायची आणि बाकीच्यांनी तोंडाला कुलूप घालायचं. खोडायची ती बाबांनी. फोनवर प्रत्येकाला बजावलं होतं. वकिलांना दोनदा.

औषधवालीने सुरुवात केली. "थोरली सून बुडून मेली ना हो?"

बाबा तिच्याकडे बघायला लागले. ओठ हलले. लिफ्टवाल्याने उशी छातीशी धरलेली. वकील डोळे मिटून, शिंक दाबून बसल्यासारखे लालबुंद. बाबांनी श्वास घेतला —

"विष! दुधातून विष, चौथा भाग!" वकील. मग म्हणाले, "माफ करा हो. माझ्याच्याने ऐकवत नाही."

त्यांना उचलून स्वयंपाकघरात बसवलं. लिफ्टवाल्याची पाळी आली. त्याला चूक बोलताच येईना! "जिना उत्तरेकडे... नाही हो ताई, पूर्वेकडेच आहे तो, उगाच कशाला खोटं बोलायचं." मग मीच म्हटलं, 'पहारा'चे बारा भाग झाले. आणि लगेच म्हटलं, सहा. मीच मला दुरुस्त केलं! कोणीही काहीही म्हटलं नव्हतं.

तिथून जी जुंपली ती जुंपली. वकील आतून ओरडतायत, भूत नवीन बोललं म्हणजे मालिका रद्द. औषधवाली म्हणते, लेखक बदलला असणार. सगळं बाबांच्या डोक्यावरून. ते एकदा या तोंडाकडे बघत होते, एकदा त्या तोंडाकडे. शेवटी म्हणाले, "असू दे."

कोणी ऐकलं नाही. मी ऐकलं, पण तेव्हा मीही बोलत होते.

सोमवार, १७ मार्च

दादाचा फोन. "तो भुतांचा बाजार बंद कर. त्यांना विश्रांती हवीय. आणि आता हे असंच राहणार असं धरून चाल."

मी म्हटलं, तारीख उलटून गेली तुझ्या सल्ल्याची. ठेवला फोन.

मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. त्याचंच खरं निघालं तर? थेरपिस्टकडे या महिन्यात दोनच खेपा उरल्यात.

मंगळवार, १८ मार्च

बरं बरं. दिवसभर एवढंच.

बुधवार, १९ मार्च

संध्याकाळी घरी आले तर बाबा 'पहारा'चा जुना भाग बघत होते आणि शेजारी आई मटार सोलत होती. तिने आजवर एक भाग धड पाहिलेला नाही, "तुमच्या भुताखेतांत मला ओढू नका" म्हणते. वॉचमन गेटपाशी एकटाच बडबडत होता. आई सहज म्हणाली, "मेल्यावरही बिचाऱ्याची ड्युटी सुटली नाही."

यात खोडण्यासारखं काही नव्हतंच.

"मेला नाही तो," बाबा म्हणाले.

आईचे हात थांबले.

"कोणी..." बराच वेळ गेला. मी दाताखाली जीभ धरून उभी राहिले. "कोणी विचारत नाही त्याला. म्हणून."

वकिलांना कळवायला फोन बाहेर काढला होता, तो परत ठेवला. आईने टीव्ही बंद केला, मटारची परात खाली सरकवली आणि आपली खुर्ची वळवून बाबांच्या समोर घेतली.

"मी विचारतेय," आई म्हणाली. "बोला."