भाकरीआधी एक उपकार

२२ ऑक्टोबर १९७२, रविवार
टक् टक् ट. टक् टक् ट.
पहाटे या आवाजाने जाग आली. आवाज कुठेच नव्हता. मार्था लग्न होऊन आली त्या वर्षी परसातल्या भोपळ्याला कान लावून बोटाच्या पेराने वाजवायची, तो हा. मी नवा मास्तर, पोरांकडून वृत्तं घोकून घ्यायचो. तिला म्हटलं, दोन गुरू, एक लघु, हा तगण झाला. म्हणाली, "तगण तुम्ही बघा. मला पिकलाय का तेवढं कळलं, बास."
परसात आता वेल नाही. भेगा आहेत.

२५ ऑक्टो.
टँकर आला नाही. रेशनवरच्या लाल मिलोची, म्हणजे अमेरिकन ज्वारीची, भाकरी. अमेरिकेत म्हणे हे जनावरांना घालतात.
मार्थाचा नियम होता, दिवसातला एक उपकार सांगितल्याशिवाय भाकरी मोडायची नाही. माझा, आमच्या मुलाचा प्रकाशचा, तिचा, एकेक. ती गेल्यापासून मी न सांगता जेवतो. घास अडकत नाही.
गेल्या वर्षी नाताळाच्या तोंडावर ताप चढला. शेवटच्या रात्री म्हणाली, "पाणी गार आहे." तोच उपकार. भाकरी तशीच ठेवून झोपली.

२८ ऑक्टो.
पाळकसाहेब आले. हंगामाचा सण एरवी दिवाळीनंतरच्या रविवारी, या वर्षी आठ दिवस अलीकडे, ५ तारखेला. १२ तारखेला त्यांना धान्याच्या मदतीसाठी नगरला जायचं आहे.
"उपकारप्रार्थना तुमचीच, मास्तर. मंडळीत वडीलधारे तुम्ही."
"हंगाम कुठाय?"
"नाही, म्हणूनच तर."
मग तेच वचन, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. तिसरीत हे पाळकसाहेब माझ्याच हाताखाली होते. एक कविता पाठ झाली नाही, वचनं मात्र झाली.
दरवर्षी वेलावरचा पहिला भोपळा मार्था या सणाला देवळात न्यायची. दुसरा बियाण्याला. बी राखेत घोळून मडक्यात. जूनमध्ये मडकं उघडलं तर नुसती राख. पाऊस नाही ते नाही, बीसुद्धा नाही. उंदरांनी नेलं असेल. उंदरांचा तरी हंगाम झाला.

१ नोव्हें.
शेजारच्या रूथबाई कालवण घेऊन आल्या. त्या एकच राग आळवतात, सकाळ असो की संध्याकाळ: "उपकार माना, मास्तर, अंगावर कापड हाय."
म्हटलं, "तुमच्या कालवणात मीठ नाही."
"मग मिठाचे उपकार माना. नसलं की कळतं."
बाई हसत गेल्या. मला हसू आलं नाही. कालवण संपवलं.
चि. प्रकाशचं पत्र नाही. पुण्यात कारखान्यात आहे. आम्हाला न विचारता कोर्टात लग्न केलं, घोडेगावच्या शेतकऱ्याच्या मुलीशी. तिला मी पाहिलेलं नाही. आईच्या मातीला हा आला नाही, तिसऱ्या दिवशी आला. ओट्यावर उभं राहून म्हणाला, "बाबा, वेळेवर नगरला नेलं असतं तर…" वाक्य पुरं केलं नाही. मी रोज पुरं करतो.

५ नोव्हें., रविवार. सण
वेदीपुढचं मेज. एरवी बाजरीची कणसं, ऊस, पाय बांधलेल्या कोंबड्या, मधोमध आमचा भोपळा. आज चार अंडी, एक कडब्याची पेंडी, कुणीतरी वाटीत मिलो.
प्रार्थना मी दिंडी वृत्तात रचून नेली होती. यमकं सगळी जुळलेली. रात्रभर म्हणून पाहिली, गोड वाटली. उभा राहिलो. मेज दिसलं. पहिली ओळ तोंडाशी आली आणि लाज वाटली.
म्हणालो, "आज माझ्याजवळ काही नाही. खोटं बोलवत नाही." बसलो.
मग बायकांच्या बाजूने रूथबाई उभ्या. "परभू, मास्तर आज खरं बोलले, त्याबद्दल तुझे उपकार. आमेन."
सगळ्यांनी आमेन म्हटलं. भर मंडळीत.

६ नोव्हें.
घराबाहेर पडलो नाही. पाळकसाहेब येऊन गेले, आत होतो, ओ दिली नाही.
संध्याकाळी रूथबाई कुंपणावरून: "रुसलात व्हय?"
"तुम्ही माझी थट्टा केलीत."
"थट्टा न्हाई केली. मार्थाबाय काय लई सुखात हुती? रोज एक उपकार हुडकून काढायची. येका दिशी मला म्हनली, आज काहीच सापडंना, मास्तरांच्या धोतराला खोंब लागलीय, ती शिवत बसले तेवढा येळ पाय दुखायचा थांबला. तेच सांगते."
मला ते धोतर आठवतं. खोंबेबद्दल मी तिला बोललो होतो.
तिला शोधावे लागत, हे मला माहीत नव्हतं. मला वाटे, तिला आपोआप सुचतात, जशा मला ओळी.

९ नोव्हें.
जेवताना एक सांगून पाहिला. "ऊन जरा कमी होतं." खोटा निघाला, ऊन तेवढंच होतं. भाकरी मोडली.
हे काही मला जमायचं नाही. तक्रार कशी न शोधता हाताशी येते, वृत्तात बसलेली.

१२ नोव्हें., रविवार
पाळकसाहेब नगरला. उपासना सकाळीच उरकली. दुपारी भाकरी थापली, एका बाजूने करपली. ताटापुढे डोळे मिटून बसलो. ठरवलं, खरा सापडेपर्यंत मोडायची नाही. बराच वेळ गेला.
कडी वाजली.
दारात एक तरुण बाई. डोक्यावर पदर, एस्टीच्या धुळीने पापण्या पांढऱ्या, कडेवर फडक्यात बांधलेलं काहीतरी जड.
"देऊळ बंद दिसलं. सन आज हाय ना? दिवाळीनंतरचा रविवार?"
"मागच्या रविवारी झाला. कोण आपण?"
खाली बघत म्हणाली, "लीला. पुन्याहून आले. तुमची सून." मग घाईने, "ते न्हाई आले. नको जाऊ म्हनत हुते. पर आईंनी मला बियानं दिलं हुतं, पुन्याला डोळे दाखवायला आल्या तवा. राखंत घोळून. चाळीमागं नळाच्या सांडपान्यावर लावलं. म्हनल्या हुत्या, पयला देवळात न्यायचा, मी नसले तरी."
फडकं सोडलं. भोपळा उंबऱ्याबाहेर ठेवला. स्वतः आत आली नाही.
"उशीर झाला व्हय," म्हणाली. "पर पिकलाय बगा." वाकून कान लावला आणि बोटाच्या पेराने वाजवला. दोन लांब, एक आखूड.
पाणी आणतो म्हणून आत आलो. घागरीत दोन तांबे असेल. हे उभ्याउभ्या लिहितो आहे. ती ओट्यावर बसली आहे, पाठ दिसते. प्रकाश उभा होता तिथेच.
भाकरी एकच आहे. तिला आत बोलवायचं तर ती मोडावी लागणार, आणि मोडायची तर आधी