सोमोएची चाळीस झाडं

प्रिय रेहेमा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. दार-एस-सलामच्या बसवाल्यानं मला दोनदा हटकलं, "काय बलोझी, भाचीला उत्तर धाडायचंय की नाही?" दहा घरांचा प्रमुख म्हणून पडलेलं हे नाव. ते पद कधीच गेलं, हाक मात्र चिकटून राहिली. शाळेतला मास्तर म्हणाला, "तुम्ही सांगत जा, मी लिहितो, तुमचा हात थरथरतो." मी नको म्हटलं. हे पत्र माझ्याच हातचं हवं होतं. अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घे.

रस्ता रुंद करताना तुझी जुन्या कपड्यांची टपरी गेली, हे वाचून वाईट वाटलं. तुला मी "आमची भांडवलदारीण" म्हणून चिडवायचो, ते आठवून आणखीच वाईट वाटलं. पोरांना घेऊन गावी यायचं, तुझ्या आईच्या काजूच्या झाडांखाली घर बांधायचं म्हणतेस. चांगलं आहे. पण ते रान आता कंपनीला हवंय. शनिवारी ग्रामसभा आहे. ज्यानं झाड लावलं असेल त्याचा हक्क उरेल, नाहीतर सगळं कंपनीचं. तू लिहितेस, "मामा, तुम्ही नुसते उभे राहा आणि सांगा की झाडं आईनं लावली." एवढंच तर मागितलंस. तुला वाटलं असेल, म्हातारा एका वाक्यासाठी तीन आठवडे का घेतोय.

परवा सायकल ढकलत ढकलत मी लिंडेलेला, त्या झाडांकडे, जाऊन आलो. चढावर दोनदा बसलो. रेहेमा, चाळीसांतली अकरा उरलीत. बाकीची वणव्यात गेली, तुला आठवत असेल. पण जी आहेत ती एका ओळीत आहेत. तुझी आई, आपली सोमोए, कुदळीच्या दांड्यानं अंतर मोजायची, दोन झाडांत दहा दांडे, एकही कमी नाही. कंपनीच्या माणसांनी बुंध्यांवर लाल रंगाचे पट्टे मारलेत. त्यांचा साहेब चांगला बोलतो, मला "आजोबा" म्हणतो, वाकून सलाम करतो. मला म्हणाला, "ही रानटी झाडं आहेत आजोबा, पक्ष्यांनी बिया टाकल्या असतील." मी म्हटलं, "बाबा, आमच्याकडचे पक्षी फार शिस्तीचे, दोरी धरून बिया टाकतात." तो हसला. मीही हसलो.

तुला ते दिवस कितपत आठवतात कोण जाणे. तू सहा वर्षांची होतीस. वरून हुकूम आला की रानात विखुरलेली घरं मोडा, सगळे एका गावात या, उजामा करा, म्हणजे सगळ्यांचं मिळून एक घर. माझा त्यावर विश्वास होता. अजून थोडा आहे, हसू नकोस. विहीर, दवाखाना, शाळा हे सगळं त्या गावामुळेच आलं. तू मला जे खरमरीत पत्र लिहिलंस, ते लिहायला त्याच शाळेत शिकलीस. पण झाडं काही माणसांबरोबर चालत गावात येईनात. ती राहिली लिंडेलेला, दोन तासांच्या वाटेवर, आणि आम्ही इथे. हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ज्यांच्या आलं ते गप्प बसले.

सामायिक शेतावर सकाळी लोखंडी पट्टी वाजायची आणि लोक कुदळी घेऊन यायचे. मी त्या कुदळी बघायचो. सगळ्या बोथट! धारेची कुदळ घरी, परसातल्या कसाव्याच्या कंदांसाठी. म्हातारा बाकारी तर मला तोंडावर म्हणायचा, "बलोझी, सगळ्यांच्या शेताला सगळ्यांची कुदळ लागते, ती अजून आली नाही." मी रागवायचो. घरी येऊन बघितलं तर माझीही बोथटच होती. तुझी आई मात्र आठवड्यातून दोनदा पहाटे उठून झाडांकडे जायची. टोपलीभर बिया आणायची, पत्र्यावर भाजायची, चिकानं तिची बोटं काळी पडलेली असायची. तिच्याशिवाय गवत काढायला कुणी नव्हतं. ते वाढलं, वाळलं, आणि एका उन्हाळ्यात पेटलं. ती परत आली तेव्हा तिच्या हातात रिकामी टोपली होती. ती माझ्यासमोर खाली ठेवून ती घरात गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता नवे दिवस आले. ज्याला जे घ्यायचं ते घ्यावं, विकायचं ते विकावं. काजूचा कारखाना विकला गेला, यंत्रं उचलली, आत तांदळाची पोती ठेवतात. व्यापारी आपला काटा आपणच घेऊन येतात. पूर्वी आम्हाला सांगायचे, जमीन सगळ्यांची आहे म्हणून तू हल. आता सांगतात, जमीन कंपनीची आहे म्हणून तू हल. मी कंटाळलोय गं. दोन्ही वेळा हलायचं आपणच.

आपल्या घरातला तो रेडिओ आठवतो ना? तू त्याच्यापुढे नाचायचीस, अख्खी आळी गोळा व्हायची. तो लागला की तुझी आई सूप उचलून बाहेर जायची. तू विचारायचीस, "आईला गाणी का आवडत नाहीत?" मी म्हणायचो, तिचं डोकं दुखतं. तिला गाणी खूप आवडायची, रेहेमा. लिंडेलेला असताना ती गात गात बिया वेचायची.

तो रेडिओ मला बक्षीस मिळाला होता. तालुक्यात ज्याची दहा घरं सर्वांत आधी हलतील त्याला रेडिओ. जिथे लावलेली झाडं असतील तिथली माणसं सुगी संपेपर्यंत थांबू शकत होती, तशी मुभा होती. तुझ्या आईनं तेवढंच मागितलं होतं, "दादा, एवढी सुगी काढू दे." मला थांबायचं नव्हतं. मला पहिलं यायचं होतं. मी तिच्या घराचं छप्पर स्वतः उतरवलं, आणि कागदावर लिहून दिलं की लिंडेलेला लावलेलं एकही झाड नाही, नुसतं रान आहे. कंपनी शनिवारी तोच कागद वाचणार आहे. खाली सही माझी आहे. दहाही घरांची झाडं मी एका ओळीत पुसली, आणि त्यांची पोरंबाळं अजून मला वाटेत थांबून सलाम करतात. गेल्या महिन्यात कंपनीचा साहेब बारा नवे पत्रे देऊन गेला, "आजोबा, तुमचं छप्पर गळतंय." तो कशासाठी देतोय ते त्यालाही माहीत होतं, मलाही. ते भिंतीला टेकवून ठेवले होते. आज बैलगाडीत घालून परत पाठवले.

शनिवारी मी उभा राहणार आहे. सगळ्यांसमोर सांगणार आहे की मी खोटं लिहिलं. पण मी स्वतःला ओळखतो. सोमोएसमोर तेवीस वर्षांत मला हे एकदाही बोलता आलं नाही, ती गेली त्या दिवशीही नाही. सभेत साहेब वाकून सलाम करील, लोक "बलोझी, बलोझी" करतील, आणि माझी जीभ पुन्हा टाळ्याला चिकटेल अशी भीती वाटते. म्हणून तू ये, आणि हे पत्र बरोबर आण. मी गप्प बसलो तर माझी गय करू नकोस. ऊठ, आणि हे पत्र त्या कागदाशेजारी ठेव. हात थरथरतो तरी अक्षर तेच आहे, कुणीही ओळखील.

तुझाच,
इस्सामामा