एकोणचाळीसचा रुपया

प्रिय जयवंत,

मालाडला ब्लॉक घेतलास, मुलगी झाली, लिलावाच्या जाहिरातीत नाण्यांचा जाणकार म्हणून तुझं नाव छापून येतं, सगळं आमच्या घाटकोपरच्या चाळीपर्यंत पोचलं. जाणकार म्हणे! वाचून हसले मी.

आपलं लग्न ठरलं तेव्हा तूच बाबांना फोर्टातल्या लिलावाला नेलंस. गिरणीत जन्म गेलेला माणूस, नवा सदरा घालून साहेबलोकांत अवघडून बसला. एकोणचाळीस सालचा चांदीचा रुपया फार दुर्मीळ, पुढे सोन्याला मागे टाकेल, असं तू समजावलंस. डोळ्याला भिंग लावून नाणं पाहिलंस आणि म्हणालास, "काका, डोळे झाकून बोली लावा." त्यांनी लावली. माझ्या लग्नासाठी साठवलेलं त्या एका रुपयात गेलं, आणि महिन्याभरात तुला तुझ्या साहेबांची भाची पसंत पडली.

संपात घर चालेना, तेव्हा बाबांना न सांगता मी तो रुपया विकायला नेला. व्यापाऱ्याने पाहता पाहता सांगितलं, अडतीसचा साधा रुपया आहे, आठ कोरून नऊ केलाय. चांदीच्या भावाने घेतो. ओळखीचं गिऱ्हाईक आणणाऱ्याला लिलावात माल लावणारा कमिशन देतो, हेही त्यानेच सांगितलं. तू मूर्ख असतास तर मी तुला माफ केलं असतं रे. पण तू मूर्ख कधीच नव्हतास. एका म्हाताऱ्याला फसवायला तुला भिंग लागलं, एवढीच तुझी विद्या.

मी नाणं परत आणलं, घरी बोलले नाही. बाबा अजून दसऱ्याला ते पूजेत मांडतात आणि शेजारच्या भाऊंना सांगतात, आमच्या जयवंताने पारखून दिलं. 'आमच्या' म्हणतात.

परवा तुझ्या मुलीचं कळलं आणि त्यांनी नाण्याची डबी माझ्या हातात ठेवली. "तेच्या चेडवाच्या बारशाक ह्यो रुपयो धाड. लग्न मोडला म्हणान पोरावर राग कित्याक?" मी खूप वाद घातला. ऐकेनात. म्हणून सोबत पाठवते आहे. घे, तुझ्या मुलीच्या उशाशी ठेव. मला उत्तर नको. बाबांना मात्र दोन ओळी लिही, रुपया पोचला, जपून ठेवलाय म्हणून. पत्र मलाच वाचून दाखवावं लागेल. माझा आवाज अडखळणार नाही, एवढं नीट खोटं लिही.

तुझी कोणीही नसलेली,
सुगंधा