शोभेच्या काकडीचा वेल

पूर्णा, २४ जून १९७९
आज क्वार्टरची किल्ली मिळाली. दोन खोल्या, मागं अंगण, अंगणात आपला स्वतंत्र नळ! गेल्या वर्षी नामांतराच्या जाळपोळीत गावातलं घर गेलं. तेव्हापासून गाठोडं घेऊन कधी परभणीला माझ्या भावाकडं, कधी मामाकडं, असं चाललं होतं. आता यांना लोको शेडमध्ये फिटरची नोकरी लागली आणि स्वतःच्या दाराला आतून कडी लावता आली. हे अंगणात उभे राहून नुसतेच हसत होते. शेजारच्या चांगुणाबाईंनी भाकरी अन् अंबाडीची भाजी आणून दिली.

कोनाडा झाडताना फडक्यात बांधलेलं काळं, चपटं बी सापडलं. चांगुणाबाईंनी लगेच ओळखलं. "शोभंची काकडी हाय ती. लाल-पांढरे पट्टे येतेत. लय देखणी, पण खाऊ नका, कडू जहर." आधीच्या बिऱ्हाडाची होती म्हणे.

१ जुलै
बी कोमट पाण्यात भिजवून ठेवलं होतं, ते आज लावलं. यांनी शेडमधून राख आणली, गवळ्याकडून शेणखत. भिंतीलगत आळं खणताना मातीतल्या गंजक्या पत्र्यानं यांचा तळवा चिरला. रक्त आळ्यात गळत होतं, तरी हात बांधायच्या आधी बी टोचलंच. मला हात लावू दिला नाही. म्हणाले, गावची परसबाग गेली, ही तरी माझ्या हातची होऊ दे.

१५ जुलै
एकच बी उगवलं, पण काय जोर आहे त्याला! बाजेच्या जुन्या दोऱ्या बांधून दिल्या. दोरी दिसली की तणावे लगेच वेटोळं घालतात. हे शेडमधून आले की हातपाय धुवायच्या आधी वेलापाशी जातात.

१२ ऑगस्ट
बांबूचा मांडव केला. पांढरी, झालरीसारखी फुलं आली. यांनी आपली बाज मांडवाखालीच टाकली आहे. दुपारी झोपले होते, उठवायला गेले तर एक तणावा मनगटाला गुंडाळलेला. दोघंही हसलो. सोडवताना मात्र यांना कळ आली.

२६ ऑगस्ट
पट्ट्यापट्ट्यांच्या काकड्या लटकल्यात. कॉलनीतल्या बाया बघायला येतात. यांचं जेवण सुटलंय, फक्त पाणी मागतात. तळव्याची जखम भरली, पण तिच्यातून एक हिरवट रेघ कोपरापर्यंत गेली आहे. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे.

२ सप्टेंबर
स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आलेला शेंडा मी कात्रीनं छाटला. बाहेर हे ओरडले. करंगळीचं नख मुळापासून निघालं होतं. योगायोग असेल म्हणून मी त्यांच्यासमोर बसून एक पान खुडलं. कानातून रक्त आलं.
कात्री कॉलनीमागच्या कोरड्या विहिरीत टाकून आले.

९ सप्टेंबर
नळाला पाणी नव्हतं. वेल माना टाकून बसला आणि यांना मान उचलवेना. चांगुणाबाईंकडून घागर आणून आळ्यात ओतली. हे उठून बसले. म्हणाले, बरं वाटलं. पाण्याचा थेंबही मी त्यांना दिला नव्हता.

१६ सप्टेंबर
यांना घेऊन भावाकडं निघाले. गाडी सुटली तसे ओठ तडकायला लागले. कातडी सुरकुतली. मिरखेलला कसेबसे खाली उतरवले. फलाटावरचे लोक विचारत होते, म्हातारबाबांना काय झालं? उलट्या गाडीनं परत आले. अंगणात पाय ठेवला तेव्हा त्यांनी श्वास घेतला.

२३ सप्टेंबर
चांगुणाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं, मग सांगितलं. आधीच्या बिऱ्हाडातले सिताराम गार्ड, त्यांच्या बायकोनं हाच वेल लावला होता. "तिलाबी असंच झालं व्हतं, बाई. आमी म्हनलं टायफड हाय. दिवाळीला येल वाळला, अन् तीबी गेली."
मी विचारलं, पाणी घातलं तर टिकेल ना?
"काकडीचा येल हाय. किती पानी घातलं तरी दिवाळीपल्याड ऱ्हात न्हाई."

१ ऑक्टोबर
विहारातल्या भंतेजींनी येऊन परित्राण पाठ केला. हे हात जोडून बसले. नंतर बोटं सुटेनात.
चांगुणाबाई म्हणाल्या, फळं तोडली तर वेल थोडा जास्त जगतो. मी नको म्हटलं. यांनीच मान हलवली, तोड म्हणून. एक काकडी तोडली.
उजव्या डोळ्यानं दिसत नाही आता.
बाकीच्या तशाच आहेत.

८ ऑक्टोबर
बुंध्याजवळचं पान पिवळं पडलं. शेणखत घातलं, राख घातली, ताक घातलं. सकाळी आणखी चार —
यांच्या पायांना चिमटा काढला. कळत नाही.

१४ ऑक्टोबर
काकड्या उकलायला लागल्या. बी खाली पडतंय. आज बऱ्याच दिवसांनी बोलले. "केशर, बी जाळून टाक. दुसऱ्या कुणाच्या हाताला —"
एक बी चुलीत टाकलं. तिकडं ते —
नाही. ते असेपर्यंत नाही.

१७ ऑक्टोबर
कंबरेच्या खाली जीव उरला नाही. उचलून कुशीवर वळवलं, हलके झालेत, पेंढीसारखे. चांगुणाबाई दारातूनच परत गेल्या. भावाला तार केली. येऊन तरी तो काय —

१९ ऑक्टोबर
आळं पाणी घेत नाही. ओततेय, वरच्यावर वाहून जातंय.
आवाज गेला. ओठ हलतात.

२० ऑक्टोबर
कॉलनीत पणत्या लावतायत.
शेंड्याला एक पान हिरवं आहे. एकच. बाज त्याखाली ओढली. डाव्या हाताच्या बोटांत पान धरलंय, गळू नये म्हणून, उजव्या हातानं लिहितेय. हे माझ्याकडं बघतायत. घाबरलेले नाहीत. मलाच —
वारा सुटला.
पान देठाशी —