निळ्या सटातलं दही

उज्जैन,
मंगळवार, ३ डिसेंबर २०२४

प्रिय अपर्णा,

पत्र बघून घाबरू नकोस. सगळे सुखरूप आहेत. सगळे म्हणजे मी, तुळस आणि गच्चीवरची ती तुझी लाडकी मांजर. ती अजूनही माझ्याकडे भाडं थकवलेल्या भाडेकरूकडे बघावं तशी बघते.

रोज व्हिडिओवर तोंड दिसतं, मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. अगं, फोनवर मी तुझ्याशी बोलतोच कुठे? अर्णव फोन हिसकावतो, मला आपल्या नातवाच्या फक्त नाकपुड्या दिसतात. मागून मधुरा ओरडते, "बाबा, बीपीची गोळी?" ओंकारराव नमस्कार करून पडद्यावरून निघून जातात. मग तू कुठून तरी स्वयंपाकघरातून विचारतेस, "बरंय ना हो?" मी म्हणतो, बरंय. संपला फोन. म्हणून म्हटलं, लिहावं. बँकेत जन्म गेला, लिहिलेल्यावर माझा विश्वास जास्त.

इथे थंडी पडली आहे. सिंहस्थ अजून लांब आहे, पण रस्ते आत्ताच खणून ठेवलेत. नानाखेड्यापर्यंत जायचं तर अर्धं उज्जैन फिरून जावं लागतं. मधुराला हवी होती ती भैरवगढची चादर आणून ठेवली आहे, लाल ठशांची. सकाळी बसस्टँडपाशी पोहे खायला जातो. ठेलेवाला ओळखतो आता. "बाबूजी, सेव ज़्यादा?" विचारतो. मी "हाँ भैया, और जीरावन भी" म्हणतो, त्या मसाल्याशिवाय आता पोहे गोड लागत नाहीत. दुपारी नदीवर, रामघाटावर चक्कर मारतो. असं एकंदर छान चाललं आहे.

रविवारी तू विचारलंस, की मधुरा म्हणतेय अर्णव शाळेत जायला लागेपर्यंत आई तू इथेच राहा, तर तिला काय सांगू? त्याचं उत्तर मी लगेच दिलंच आहे. "राहा की, माझं इथे काय अडतंय?" तेव्हा त्याबद्दल पुन्हा काही लिहीत नाही.

गंमत वाटते कधीकधी. मी साताऱ्याचा. बँकेने बदली केली म्हणून या गावात आलो. तू इथली, तुमच्या घराण्याच्या सात पिढ्या शिंद्यांच्या चाकरीत इथेच गेल्या. आणि आता तू पुण्याला, माझ्या मुलखात आणि मी तुझ्या. बाजारात गेलो तर लोक अजून मला "अपर्णा दीदी के मिस्टर" म्हणूनच ओळखतात. पूर्वी याचा राग यायचा. हल्ली बरं वाटतं, निदान तुझं नाव तरी कोणीतरी घेतं.

आता दह्याचं सांगतो.

तुला आठवतं ना, दिवाळीच्या सुमारास तू विचारलंस, "दही लावताय ना हो?" आणि मी तो निळा चिनी मातीचा सट फोनसमोर धरला? तू म्हणालीस, "अगंबाई, कवडी काय सुरेख पडलीय! माझ्यापेक्षा छान." मधुराला बोलावून दाखवलंस. ते दही दुकानातलं होतं. पिशवीतलं. तुझा फोन यायच्या आधी सटात ओतून, वर चमच्याने सारखं करून ठेवलेलं. त्याच्यापुढेही प्रत्येक वेळी तेच.

तुझं विरजण मेलं, अपर्णा.

तुझ्या आईने आपल्या लग्नात डबीत घालून दिलेलं. मधुराच्या वेळच्या बाळंतपणात, बदल्यांमध्ये, गावाला गेलो तरी शेजारी ठेवून, तू एकदाही ते तुटू दिलं नाहीस. पुण्याला जाताना अर्धं ओल्या फडक्यात बांधून नेलंस आणि अर्धं माझ्या हवाली केलंस. "दूध बोटाला सोसेल इतकंच गरम, आणि शेवटचा चमचा कधी खायचा नाही." मी रोज लावत होतो. बोट घालून बघत होतो. पण मी एकटा दही खाणार तरी किती? मग एक दिवसाआड लावू लागलो. मग पावसाळ्यानंतर केव्हातरी दूध तापवायचाच कंटाळा यायला लागला. दुधाचाच असं नाही. कुकर लावायचा कंटाळा, दाढीचा कंटाळा. चहा आणि टोस्ट. एके दिवशी सट उघडला तर दह्यावर गुलाबी बुरशी. मी तो धुऊन पालथा घातला आणि दोन दिवस स्वयंपाकघरात गेलो नाही.

आता हसू नकोस. पोट बिघडलं होतं, म्हणून डॉक्टरकडे गेलो होतो. तुझ्या शाळेतल्या रजनीची मुलगी मुक्ता, ती आता पोटाची डॉक्टर झाली आहे, फ्रीगंजात बसते. पोट फुगतं, भूक नाही, पहाटेच जाग येते, असं सगळं सांगितलं. तिने तपासलं, रक्त काढलं, सगळं ठीक निघालं. मग म्हणते, "काका, मन कसं राहतं?" मला रागच आला. म्हटलं, मी पोट दाखवायला आलोय. तर म्हणाली, "तेच तर विचारते मी. पोट आणि डोकं, दोघांची आपसात बातचीत चालते."

पोटात म्हणे जंतूंची केवढी तरी वस्ती असते. आपण जेवतो ते त्यांनाही लागतं. ते जे बनवतात त्याच्या खबरा नसांतून, रक्तातून वर डोक्यापर्यंत जातात, आणि डोक्यातली काळजी खाली पोटात उतरते. मी म्हटलं, "म्हणजे घरात मी अगदीच एकटा नाही म्हणायचा." ती हसली नाही.

असल्या जंतूंच्या गोळीने माणूस खूश होतो का, असं सरळ विचारलं मी तिला. पोरगी प्रामाणिक आहे. म्हणाली, "अजून नक्की कोणीच नाही सांगू शकत, काका. रिसर्च चालू आहे. कुठे थोडा फायदा दिसला, कुठे काहीच नाही. जाहिरातवाल्यांना मात्र सगळं माहीत आहे." जंतूंच्या कॅप्सूल लिहून दिल्या, पोटासाठी. डाळी, भाज्या, घरचं दही खा म्हणाली. आणि मग पेन खाली ठेवून विचारलं, "जेवता कोणाबरोबर?"

मी म्हटलं, "टीव्हीबरोबर."

तिने पेन पुन्हा उचललं आणि तेही लिहून घेतलं.

घरी आलो. 'घरचं दही' डोक्यात बसलेलं. कॅप्सूलच्या डबीवर बारीक अक्षरात जंतूंची नावं आणि अब्जांतले आकडे. माझ्यातला बँकवाला जागा झाला. म्हटलं, एवढे जंतू चमचाभर दह्यात तरी असतील का? मग विरजण कशाला हवं? दूध कोमट केलं, बोट घातलं, दोन कॅप्सूल फोडून त्यात सोडल्या, ढवळलं आणि सट शालीत गुंडाळून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यात जे काही होतं त्याला दही म्हणता येणार नाही. बुळबुळीत, तार सुटणारं, औषधाच्या दुकानासारखा वास. मांजरीने वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करत नाही.

अशी सगळी गंमत. बाकी ठीक. अर्णवला पापा.

*

गुरुवार

पत्र इथवर लिहून पाकिटात घातलं होतं. टाकलं नाही. वाचून पाहिलं तर मी फोनवर बोलतो तसंच झालं होतं. गमती सांगितल्या आणि 'बाकी ठीक' म्हणून मोकळा झालो. म्हणून पुढे लिहितो.

मी पोटासाठी मुक्ताकडे गेलो नव्हतो. म्हणजे पोट बिघडलं होतं हे खरं, पण त्याला किती दिवस झाले होते. मी गेलो ते रामघाटामुळे.

मी तिथे रोज दुपारी जातो, कारण तिथे गर्दी असते. कोणी ना कोणी धक्का देतं, "सरको बाबूजी" म्हणतं. गेल्या महिन्यात एकदा असाच पायरीवर बसलो होतो. दाढी वाढलेली, धोतरासारखा चुरगळलेला लेंगा. एक तरुण पंडित शेजारी येऊन बसला. त्याला वाटलं असणार, कोणाचं तरी दहाव्या-बाराव्याचं करायला आलेला माणूस. हळू आवाजात, फार सौजन्याने त्याने विचारलं, "किसके निमित्त करना है, यजमान?"

जवळपास तोंडातून गेलंच, की माझ्याच.

नदीकडे बघून वाईट काही मनात आलं होतं असं समजू नकोस. पण चांगलंही काही आलं नव्हतं. काहीच येत नव्हतं, हीच भीती वाटली. मी उठलो आणि चालत थेट फ्रीगंज गाठलं. पहिल्या खेपेस मुक्ताला यातलं काही सांगितलं नाही. सोमवारी पुन्हा गेलो, तेव्हा सांगितलं. ती उठून माझ्या बाजूला येऊन बसली. तिच्या ओळखीचे मनाचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे उद्या, शुक्रवारी, जाणार आहे. तुला कळलं तर तू घाबरशील म्हणून लपवणार होतो.

आता कालचं सांगतो, कारण हे पत्र मी त्याच्यामुळेच पुरं करतोय.

काल संध्याकाळी पुन्हा दही लावायची सुरसुरी आली. समोर व्यासभाभींकडे गेलो. म्हटलं, "भाभी, थोड़ा-सा जामन मिलेगा?" त्या तुळशीपाशी दिवा लावून वळतच होत्या. जीभ चावून म्हणाल्या, "अरे भाईसाब, दिया-बत्ती हो गई। अब जामन घर से बाहर नहीं जाता।" मला आठवलं, तूही देत नसस. दिवेलागणीनंतर विरजण दिलं की घरची लक्ष्मी जाते म्हणायचीस, आणि मी तुझी टिंगल करायचो. मी वाटी घेऊन वळलो.

"रुको तो!" भाभी म्हणाल्या. "बाहर नहीं जाएगा, ये बोला मैंने। अंदर बैठ के खाने को किसने मना किया?"

आणि बसवलंच मला. व्यासजींच्या शेजारी, जमिनीवर. मेथीची भाजी, मक्याच्या रोट्या, वाडगाभर दही. व्यासजी मीठ कमी आहे म्हणत होते, भाभी जीभ खराब झाली आहे म्हणत होत्या. आपल्यासारखंच. मी किती रोट्या खाल्ल्या ते आठवत नाही, भाभी वाढत गेल्या. पोट फुगलं नाही की काही नाही. मधेच घास तोंडात असताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी म्हटलं, मिर्ची लगी. भाजीत मिरची नव्हती, अपर्णा. व्यासजींनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

निघताना भाभींनी दारात एवढंच विचारलं, "भाभीजी को पता है?"

मी म्हटलं, नाही.

आज सकाळी उजाडताच त्या जामन घेऊन आल्या. लावलं आहे. आत्ता बघितलं, घट्ट लागलं आहे, पण चव व्यासांच्या घरची आहे. गोडसर. वाईट नाही, आपली नाही.

पोटातल्या जंतूंनी मला उदास केलं, की उदास होऊन मी त्यांना उपाशी मारलं, हे मुक्तालाही सांगता येत नाही आणि मला त्याच्याशी कर्तव्य नाही. कॅप्सूल घेतो आहे. पण त्या जेवताना मीठ कमी आहे म्हणत नाहीत.

तू तिकडे खुलली आहेस, हे मला दिसतं. अर्णवच्या मागे धावताना तू जशी हसतेस तशी इथे शेवटची कधी हसलीस, मला आठवत नाही. मधुराची नोकरी आहे, पाळणाघराचा तिला धसका आहे, सगळं मान्य. तू म्हणालीस तर मी तिकडे येईन. हॉलमध्ये झोपेन, पण मागच्या खेपेसारखा झाडांना पाणी घालायचंय असं खोटं सांगून पळून येणार नाही. नाहीतर थोडे महिने इथे, थोडे तिथे, असं करू. कसं ते तू ठरव. तुझ्यावर जबरदस्ती नाही. पण रविवारी मी तुला उत्तर दिलं ते खोटं होतं, आणि त्या उत्तरावर तू मधुराला शब्द देऊ नयेस.

तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, माझं इथे काय अडतंय.

अडतंय, अपर्णा. सगळंच अडतंय. मला तुझ्याशिवाय राहता येत नाही, आणि हे मला या वयात स्पीकरवर सगळ्यांसमोर सांगता येत नव्हतं.

वाट बघतो आहे.

तुझा,
सुधाकर

ता. क. तू नेलेलं विरजण तिकडे अजून चालू आहे ना? त्यातलं चमचाभर मला हवं आहे. कुरिअरने पाठवू नकोस. डबीत घालून, ओलं फडकं बांधून, तू घेऊन ये.